धडक देऊन पळालेली मोटार

शहाण्या माणसानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घरांतून इतकी मुरली आहे कीं, तींतली कोर्टाची पायरी केव्हां पोलीसठाण्याच्या पायरीपर्यंत खालीं उतरली आणि तेथून तहसील कचेरीच्या ओट्यापर्यंत कशी पसरली, हें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. शेजाऱ्याशीं भिंतीवरून होणाऱ्या तंट्यांत किंवा भाऊबंदकींत ही म्हण खरोखरच शहाणपणाची आहे. तिनें पुष्कळ घरें वांचवलीं असतील. परंतु एक प्रसंग असा आहे कीं, तेथें हेंच शहाणपण अंगलट येतें. सकाळीं फिरावयास गेलेले वडील, शाळेंतून सायकलीनें परतणारा मुलगा, किंवा भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी गृहिणी, यांपैकीं कोणास भरधांव मोटारीनें उडवलें आणि मोटार न थांबतां निघून गेली, तर ‘जीव वांचला हें काय थोडें, आतां पोलिसांची कटकट नको’ असें म्हणण्याची जी संवय आपल्या सुशिक्षित कुटुंबांना जडली आहे, तिच्याबद्दल या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असे प्रसंग क्वचित् घडतात, असें कोणी समजूं नये. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांवरून २०२२ या एका वर्षांत धडक देऊन वाहन पळून गेल्याचे ६७,३८७ अपघात देशांत नोंदले गेले व त्यांत ३०,४८६ माणसें मृत्यु पावलीं. ज्यांना कोणीं उडवलें हेंच कळत नाहीं, अशा दुर्दैवी माणसांसाठीं मोटार वाहन कायद्याच्या १६१ व्या कलमानें भरपाईची तरतूद केलेली आहे. आणि ती कालपरवांची नव्हे, १९८८ च्या मूळ कायद्यांतहि ती होतीच. असें असतां ती घेणारे किती? सर्वोच्च न्यायालयानें १२ जानेवारी २०२४ रोजीं दिलेल्या एका निकालांत याचा हिशेब आला आहे. मागील ५ वर्षांत मिळून ६६० मृत्यु व ११३ जखमी, एवढ्याच प्रकरणीं भरपाई मिळालेली, आणि सारी रक्कम मिळून १८४ लक्ष ६० हजार रुपये. २०२२-२३ या वर्षांत तर सबंध देशांतून अवघे २०५ अर्ज आले व त्यांतले ९५ निकालांत निघाले. एकीकडे ६७ हजार अपघात, दुसरीकडे २०५ अर्ज! सरकारी कचेऱ्यांच्या दिरंगाईस आपण नेहमीं दोष देतों, व तो बहुधा योग्यच असतो. पण जो अर्ज केलाच नाहीं, तो कोणत्या कारकुनानें दाबून ठेवला म्हणावें?

न्यायालयासहि हाच प्रश्न पडलेला दिसतो. म्हणून त्याच निकालांत असें फर्मावण्यांत आलें कीं, अपघाताची नोंद झाल्यापासून १ महिन्यांत प्रयत्न करूनहि वाहनाचा पत्ता न लागल्यास ठाण्याच्या अधिकाऱ्यानें जखमी माणसास, अथवा मृताच्या वारसांस, या भरपाईची माहिती लेखी कळवली पाहिजे. हें उत्तमच झालें. परंतु ही सांखळी कोठून सुरू होते तें पाहा. पत्र यावयाचें तें नोंद झाली असेल तरच. आणि नोंद व्हावयाची ती घरच्या माणसांनीं घडलें तसें सांगितलें तरच. आपलीं घरें चुकतात तीं येथें.

रात्रीं ९ च्या सुमारास जखमी माणसास रिक्षांतून इस्पितळांत आणलेलें असतें. दारांतच तरुण डॉक्टर विचारतो, ‘काय झालें?’ बरोबरची मंडळी एकमेकांकडे पाहूं लागते. तेवढ्यांत कोणीतरी अनुभवी मामा कानाशीं लागून सांगतात, ‘गाडीनें उडवलें म्हणूं नका, पोलीस-केस होईल आणि सारें लांबेल. स्कूटरवरून घसरून पडले म्हणा.’ मामांचा हेतु चांगला असतो. डॉक्टर सांगितलें तसें लिहून घेतो, उपचार सुरू होतात, सर्वांना हायसें वाटतें. पुढें ६ आठवड्यांनीं मांडीच्या हाडांत सळई बसलेली असते, बिलानें लाखाची रेषा केव्हांच ओलांडलेली असते, कचेरींत बिनपगारी रजा सुरू झालेली असते. आणि मग कोणी ओळखीचे वकील सहज म्हणतात कीं, अहो, याची भरपाई मागतां आली असती. तेव्हां केसपेपर काढून पाहावा तों पहिल्याच ओळींत ‘स्वतः घसरून पडले’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें! तो कागद खोटा आहे, हें आतां कोणीं सिद्ध करावयाचें? ज्यांनीं लिहवला त्यांनींच. अशा खटल्यांत इस्पितळांतील पहिल्या नोंदीस मोठें वजन असतें, कारण ती घडल्यानंतर लगेच, कोणाचा सल्ला घेण्यापूर्वीं केलेली असते, असें मानलें जातें. मामांचा सल्ला त्या आधींच झालेला असतो, हें कागदास ठाऊक नसतें.

मामांची भीति मुळांत निराधार होती असें मात्र नव्हे. एके काळीं पोलिसांचे सोपस्कार झाल्यावांचून खासगी इस्पितळें अशा रुग्णास हात लावीत नसत. मोटारीनें धडक दिलेल्या एका स्कूटरस्वारास जवळच्या इस्पितळांत नेलें असतां, ही पोलीस-केस आहे, सुमारें २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळांत न्या, असें सांगण्यांत आलें आणि तो वाटेंतच मरण पावला, अशी बातमी वर्तमानपत्रांत आली होती. ती वाचून परमानंद कटारा यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्याचा निकाल २८ ऑगस्ट १९८९ रोजीं लागला: डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वांचविण्याचें काम त्यानें ताबडतोब केलें पाहिजे, पोलिसांची नोंद, कागद, जबानी हें सारें नंतर. म्हणजे ज्या अडचणीस भिऊन मामा खोटें सांगावयास लावतात, ती अडचण कायद्यानें दूर होऊन ३५ वर्षें उलटून गेलीं. डॉक्टरानें पोलिसांस कळवलें म्हणून उपचार थांबत नाहींत. तेव्हां दारांत विचारणाऱ्यास एकच वाक्य सांगावें, ‘अमक्या रस्त्यावर, अमक्या वेळीं, अनोळखी गाडीनें धडक दिली व गाडी पळून गेली,’ आणि तें केसपेपरवर तसेंच उतरलें आहे कीं नाहीं, हें आपल्या डोळ्यांनीं वाचून पाहावें.

खरें सांगण्यांत आतां आणखी एक रोकड लाभ आहे. ५ मे २०२५ रोजीं केंद्र सरकारनें रस्ते अपघातांतील जखमींच्या बिनरोकड उपचारांची योजना जाहीर केली. तीप्रमाणें मोटारीच्या अपघातांत सांपडलेल्या माणसाचे अपघातापासून ७ दिवसांपर्यंतचे, दीड लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या इस्पितळांत त्याजकडून पैसे न घेतां व्हावयाचे आहेत. गाडी सांपडली कीं पळाली, याचा त्यांत भेद नाहीं. इस्पितळ यादींतलें नसेल, तर तेथें प्रकृति स्थिर होण्यापुरतेच उपचार या योजनेंत बसतात.  घरीं मेडिक्लेमची पॉलिसी असेल तर तिच्याकडेहि लगेच कळवावें. नव्या पॉलिसीस जी सुरवातीची थांबण्याची मुदत असते, ती अपघातास बहुधा लागूं नसते.

आतां थोडें मागें, रस्त्यावर येऊं. पहिलीं दहा मिनिटें जखमी माणसाच्या हातीं फारसें कांहीं नसतें. जें करावयाचें तें बरोबरच्या किंवा धांवून आलेल्या माणसांनीं. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर फोन करावा; १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून चालू आहे व तिचे पैसे पडत नाहींत. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. मान वा पाठ दुखते म्हणत असेल, किंवा हातपाय हलत नसतील, तर रहदारीचा धोका असल्याखेरीज त्यास ओढून बसतें करूं नये. तोंडांत पाणी ओतण्याची आपल्याकडील दयाळू संवय अशा वेळीं घातक ठरते. अर्धवट शुद्धींतल्या माणसाचें पाणी श्वासनलिकेंत जातें, शिवाय शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास पोट रिकामें असलेलें बरें.

पळालेल्या गाडीमागें कोणी दुचाकी पिटाळूं नये. त्यांतून दुसरा अपघात मात्र होतो. पण नंबर पुरा दिसला नाहीं म्हणजे कांहींच दिसलें नाहीं, असें नव्हे. पाटीचा रंग ध्यानांत राहिला तरी पुष्कळ आहे: पांढऱ्यावर काळीं अक्षरें म्हणजे खासगी गाडी, पिवळ्यावर काळीं म्हणजे भाड्याची किंवा मालवाहू, हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी. एमएच १२ म्हणजे पुणें, एमएच १४ पिंपरी-चिंचवड, एमएच १५ नाशिक, एमएच ०९ कोल्हापूर, हें तर आतां शाळकरी मुलांनाहि पाठ असतें. शेवटच्या चार आंकड्यांतले दोनच आठवत असले तरी ते तत्क्षणीं मोबाईलमध्यें लिहून ठेवावे, कारण तासाभरानें ४७ कीं ७४ असा घोळ हटकून सुरू होतो. रस्त्यावर दिव्याच्या आवरणाचे तुकडे, आरशाचा भाग, रंगाचे टवके पडलेले असतात. अशा तुकड्यांवर पुष्कळदां कारखान्याचें नांव किंवा भागाचा क्रमांक असतो, आणि त्यावरून गाडी कोणत्या बनावटीची हें कळूं शकतें. त्यांचा फोटो घ्यावा, पण ते उचलून घरीं आणूं नयेत. पंचनाम्यांत आले तरच त्यांस पुरावा म्हणावयाचें.

कॅमेऱ्यांचें काम मात्र घाईचें आहे. हल्लीं दुकानें, सोसायट्या, बँका, पेट्रोलपंप, सर्वत्र सीसीटीव्ही असतो. परंतु यंत्रांतील जागा संपली कीं जुन्यावर नवें चित्रण चढतें. कोठें तें महिनाभर टिकतें, कोठें आठवड्यांतच पुसलें जातें. पोलीस आपण होऊन सर्व ठिकाणीं जातील, या भरंवशावर राहूं नये. त्यांना दिवसाकांठीं अशीं अनेक प्रकरणें असतात. दुसऱ्याच दिवशीं घरांतल्या एका धडधाकट माणसानें गाडी आली त्या व गेली त्या दिशेनें पायीं चालत जावें, कॅमेरे कोठें कोठें आहेत याची यादी करावी, आणि ती जोडून ‘या ठिकाणचें अमुक वेळेचें चित्रण ताब्यांत घ्यावें’ असा लेखी अर्ज ठाण्यांत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी. वाटेंत टोलनाका असेल तर त्याचाहि उल्लेख करावा, कारण तेथें गाडीचा नंबर व वेळ दोन्ही टिपलेलीं असतात. निवृत्त गृहस्थांस याहून उपयुक्त प्रभातफेरी आम्हांला सुचत नाहीं.

फिर्याद जखमी माणसानेंच दिली पाहिजे असें नाहीं. पाहणाऱ्यानें, नातलगानें, कोणींहि दिली तरी चालते. जखमीची जबानी पोलीस इस्पितळांत येऊन घेतात. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानें हद्दीचा वाद मिटविला आहे. अपघात कोठेंहि झालेला असो, ज्या ठाण्यांत जाल त्यानें खबर नोंदवून घ्यावयाची व मग योग्य त्या ठाण्याकडे पाठवावयाची. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानें कळविली तर ३ दिवसांच्या आंत सही करावी लागते. नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते, आणि ती घेतल्याशिवाय उठूं नये. कोणी नोंद घेण्याचेंच नाकारलें तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांस टपालानें पाठवितां येतो, व तरीहि दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातां येतें. फिर्यादींत दिवस, वेळ, ठिकाण, गाडीचा प्रकार, रंग, आठवेल तेवढा नंबर, दिशा, आणि चालक न थांबतां गेला, एवढें यावें. जें पाहिलें नाहीं तें घालूं नये. ‘बहुधा दारू प्यालेला असावा’ यासारखीं अनुमानें फिर्यादीस बळकट करीत नाहींत.

रुग्णाच्या धांवपळींत दोन-चार दिवस उशीर झाला असेल, त्यांनीं आतां काय उपयोग म्हणून बसूं नये. जखमीस इस्पितळांत नेणें हें घरच्या माणसांचें पहिलें काम असतें, तेव्हां खबर उशिरां दिली एवढ्याच कारणावरून भरपाई नाकारणें बरोबर नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें म्हटलेलें आहे. उशिराचें कारण तेवढें फिर्यादींतच लिहावें.

यापुढची गोष्ट जरा अप्रिय आहे, पण ती टाळतां येत नाहीं. गाडी सांपडली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें चालक, मालक व विमा कंपनी यांजवर दावा लावतां येतो. तेथें वय, मिळकत, कायमचें अपंगत्व, उपचारांचा खर्च पाहून रक्कम ठरते व तीस वरची मर्यादा नाहीं. अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आंत करावा, असें कायद्यांत २०२२ पासून पुन्हां आलें आहे. ती मुदत धरूनच चालावें. गाडी सांपडली नाहीं, तर मात्र कायद्यानें ठरविलेली ठोक रक्कम. हा फरक इतका मोठा आहे कीं, इस्पितळाच्या आवारांत घुटमळणारा एखादा दलाल तो हेरून घरच्या माणसांस बाजूला घेतो: ‘ओळखीच्या कोणाची विमा उतरलेली गाडी दाखवूं. त्याचें कांहीं जात नाहीं, पैसे तर कंपनी देते.’ बिलाच्या ओझ्याखालीं वांकलेल्या गृहस्थास हें बोलणें त्या क्षणीं व्यवहाराचें वाटतें. पण त्याचा अर्थ काय होतो? जो माणूस त्या रस्त्यावर नव्हताच, तो आरोपी म्हणून उभा राहतो. त्याच्या गाडीवर ओरखडा नसतो, आणि इस्पितळाच्या पहिल्या नोंदींत ‘अनोळखी गाडी’ असें असतें. विमा कंपन्यांचे तपासनीस हेंच ताडून पाहतात. पितळ उघडें पडलें कीं दावा बुडतो आणि खोट्या पुराव्याबद्दल खटला अंगावर येतो. आम्हांला सर्वांत वाईट वाटतें तें निराळेंच. पोलिसांच्या दप्तरीं एकदां गाडी ‘सांपडली’ कीं खऱ्या गाडीचा शोध त्याच दिवशीं संपतो. आपल्या माणसास रस्त्यावर टाकून गेलेल्या चालकास आपणच आपल्या सहीनें सोडून दिलेलें असतें.

ठोक रकमेविषयीं आतां सांगूं. जखमीस २ हजार व मृताच्या वारसांस साडेआठ हजार, असे १९८८ च्या कायद्यांतले मूळ आंकडे होते. १९९४ मध्यें ते साडेबारा व २५ हजार झाले, आणि त्यानंतर २८ वर्षें तेथेंच थिजून राहिले. १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना आली. तीप्रमाणें जबर दुखापतीस ५० हजार व मृत्यूस २ लक्ष रुपये मिळतात. ही रक्कम पुरेशी आहे, असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. एक बोट मोडलेल्यासहि ५० हजार आणि जन्माचें चाकाच्या खुर्चींत बसावें लागलेल्यासहि ५० हजार, या हिशेबास न्याय म्हणणें कठीण आहे. खुद्द सर्वोच्च न्यायालयानेंहि वर सांगितलेल्या निकालांत ही रक्कम वेळोवेळीं वाढविण्याचा विचार करावा, असें सरकारास सुचविलें. परंतु कित्येक स्वाभिमानी कुटुंबांस ती घेणें म्हणजे सरकारापुढें हात पसरणें वाटतें, तें मात्र बरोबर नाहीं. हे पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिल, म्हणजे विमा कंपन्यांचीच संस्था, देते. आपल्या दारांतल्या स्कूटरचा विमा आपण दरसाल भरतों, तेव्हां तो परक्या माणसास होणाऱ्या इजेसाठीं भरीत असतों. येथें ते परके माणूस आपण स्वतः आहों, एवढेंच.

अर्ज करावयाचा तो अपघात ज्या तालुक्यांत झाला तेथील तहसीलदार किंवा प्रांत यांपैकीं जो अधिकारी या चौकशीसाठीं नेमला असेल त्याजकडे. आपल्या आजोबांच्या तोंडीं ज्या कचेरीचें नांव मामलेदार कचेरी होतें, तीच ही. ठरलेल्या नमुन्यांतला अर्ज, खबरीची प्रत, इस्पितळाचे कागद व बिलें, ओळख व पत्ता यांचे दाखले, बँकेच्या खात्याचा तपशील, आणि पुढें दुसरीकडून भरपाई मिळाल्यास ही रक्कम परत करूं असें हमीपत्र, एवढें लागतें. मृत्यु झाला असल्यास शवचिकित्सेचा अहवाल व वारसाचे कागदहि. वकील लागत नाहीं. चौकशीचा अहवाल १ महिन्यांत, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी १५ दिवसांत, आणि मंजुरीनंतर १५ दिवसांत पैसे खात्यांत, अशा मुदती योजनेंत घातलेल्या आहेत. त्या अक्षरशः पाळल्या जातील असें समजून कोणीं लग्नकार्य ठरवूं नये. पण मुदत माहीत असलेला अर्जदार खिडकीशीं निराळ्या आवाजांत बोलतो, हें खरें.

या साऱ्या कागदांत एक शब्द कळीचा आहे, आणि तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. भरपाई ‘जबर दुखापतीस’ आहे, साध्या दुखापतीस नाहीं. जबर कशास म्हणावें हें भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमांत सांगितलें आहे: हाड किंवा दांत मोडणें वा निखळणें, डोळा वा कान कायमचा जाणें, अवयव निकामी होणें, चेहऱ्यास कायमची विद्रूपता येणें, जिवास धोका होणें, तसेंच ज्या इजेमुळें १५ दिवस तीव्र वेदना होतात अथवा नित्याचे व्यवहार करतां येत नाहींत, तीहि. जुन्या दंडविधानांत ही मुदत २० दिवसांची होती. मनगटाचें बारीकसें हाड तडकलें असलें तरी तें हाडच आहे. पण डॉक्टरानें घाईंत नुसतें ‘उजव्या हातास सूज व मार’ एवढें लिहिलें, तर कचेरींतला कारकून तें साधी दुखापत म्हणून बाजूला ठेवील, व त्यांत त्याचाहि दोष म्हणतां येणार नाहीं. म्हणून इस्पितळांतून घरीं सोडतांना मिळणाऱ्या कागदांत कोणतें हाड मोडलें, किती दिवस विश्रांति सांगितली, हें स्पष्ट लिहिलें आहे ना, तें पाहावें. नसल्यास त्याच वेळीं नम्रपणें लिहवून घ्यावें. एक्सरेचीं चित्रें जपून ठेवावीं. मूळ कागद कोणाच्याहि हवालीं करूं नयेत, प्रती द्याव्या.

पळालेल्या चालकास शिक्षा काय, असें घरोघर विचारलें जातें. थांबून जखमीस मदत करणें व पोलिसांस कळविणें हें मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानें त्याचें कर्तव्यच आहे. माणूस दगावल्यावर पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैद देणारें एक पोटकलम नव्या न्यायसंहितेंत घातलें होतें. पण जानेवारी २०२४ मध्यें मालमोटारींच्या चालकांनीं संप पुकारला आणि १ जुलैस संहिता अमलांत आणतांना तेवढें पोटकलम मागें ठेवण्यांत आलें. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं.

पाहणाऱ्यांविषयीं मात्र दोन वाक्यें लिहिलींच पाहिजेत, कारण आपण जखमी होण्याचे प्रसंग थोडे व पाहणारे होण्याचे फार. जखमीस इस्पितळांत पोंचविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं, असें मोटार वाहन कायद्याचें १३४-अ हें कलम सांगतें. नांव-पत्ता देण्याची त्याच्यावर सक्ति नाहीं, आणि इस्पितळानें त्याला अडकवून ठेवतां कामा नये. तथापि गाडीचा नंबर किंवा रंग ज्यानें पाहिला असेल, त्यानें या सवलतीचा फायदा न घेतां आपला फोन नंबर जखमीच्या माणसांस द्यावा, अशी आमची विनंति आहे. पुष्कळ प्रकरणें तेवढ्या एका नंबरावांचून अडून राहतात.

आणि आपल्या घरीं धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई चार दिवस आल्या नाहींत, चौकशी करतां त्यांच्या यजमानांना पहाटे कामावर जातांना गाडीनें उडवलें असें कळलें, तर हातावर पांचशें रुपये ठेवून आपली सुटका झाली असें मानूं नये. असे अपघात पुष्कळदां पायीं किंवा सायकलीनें जाणाऱ्या माणसांचे होतात, आणि २०५ अर्जांच्या यादींत नसतात तींहि हींच माणसें. त्यांना ठाणें माहीत असतें, तहसील कचेरी माहीत असते. माहीत नसतो तो अर्जाचा नमुना आणि ‘जबर’ हा शब्द. घरांतल्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलाची किंवा मुलीची एक दुपार यासाठीं द्यावी. अर्ज त्यांच्या हातचा, सही किंवा अंगठा जखमीचा, खातें जखमीच्याच नांवाचें, सर्व कागदांच्या दोन प्रती. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख पडल्याखेरीज खिडकी सोडावयाची नाहीं.